तोफेच्या तोंडीं देणारे कोण?

फेब्रुवारी २०२२ मध्यें रशियानें युक्रेनवर स्वारी केली, तेव्हांपासून त्या युद्धाच्या बातम्यांत एक शब्दप्रयोग वारंवार वाचावयास मिळतो. अमुक गांव घेण्यासाठीं रशियन सेनापतींनीं माणसांच्या लाटांमागून लाटा सोडल्या, त्यांत पडलेले लोक म्हणजे नुसतें ‘तोफांचें खाद्य’ होतें, असें एक पक्ष म्हणतो. युक्रेनचें सरकार परकीयांच्या हितासाठीं आपल्याच तरुणांस तोफांचें खाद्य करीत आहे, असें दुसरा पक्ष उत्तर देतो. आमच्याकडील पत्रकर्तेही तो शब्द उचलून मथळ्यांत घालतात. आणि अलीकडे तर निवडणुकींत हमखास पडावयाच्या जागीं उभा केलेल्या उमेदवारापासून साहेबाची चूक अंगावर घेणाऱ्या कारकुनापर्यंत हा शब्द सर्वांस सारखाच लावण्यांत येतो. शब्द इतका सैल झाल्यावर त्याच्या आड उभा असलेला मनुष्य दिसेनासा होतो. म्हणून या शब्दाचा अर्थ काय, तो आला कोठून, आणि तो कोणीं कोणाविषयीं वापरावा, याचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

युरोपांतील बहुतेक भाषांत हा शब्द थोड्या फरकानें आढळतो. जर्मन लोक अशा शिपायास तोफेचा चारा म्हणतात. फ्रेंच लोक तोफेचें मांस म्हणतात. रशियन भाषेंतही मांसच आहे, आणि चालू युद्धांत तर पायदळाच्या आंधळ्या चढाईस ‘मांसाचा हल्ला’ असें नांव पडलें. चारा म्हणा कीं मांस म्हणा, कल्पना एकच कीं, तोफ हें खादाड जनावर आहे, आणि त्याच्यापुढें टाकण्यासाठीं कांहीं माणसें बाजूस काढून ठेवलेलीं आहेत. त्यांनीं लढावें, जिंकावें, घरीं परत यावें अशी कोणाची अपेक्षा नसते. तीं पडत असतां शत्रूचा दारूगोळा संपावा, त्याच्या तोफांच्या जागा कळाव्या, अथवा मागून येणाऱ्या कसलेल्या पलटणींस वेळ मिळावा, एवढाच त्यांचा उपयोग. लढाईंत मनुष्य मरणें आणि मरण्यासाठींच मनुष्य लढाईंत धाडणें यांतील अंतर हा शब्द दाखवितो. पहिल्यास आपण धारातीर्थीं पडणें म्हणतों, आणि आमचे बखरकार ‘कामास आले’ असें लिहून त्या शूराची बूज राखतात.

दुसऱ्यास मराठींत काय म्हणावें? तोफेच्या तोंडीं देणें हा वाक्प्रचार आपल्याकडे आहे. परंतु तो मूळचा शिपायाचा नव्हे, तो अपराध्याचा आहे. अपराध्यास तोफेच्या तोंडास बांधून उडविण्याची शिक्षा मोगलांच्या व मराठ्यांच्या अमदानींत होती, आणि इंग्रजांनींही ती चालू ठेविली. १५ ऑक्टोबर १८५७ रोजीं मुंबईच्या एस्प्लनेडवर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या बाजूस, सय्यद हुसेन व मंगल गाडिया या दोन शिपायांस बंडाच्या आरोपावरून अशाच रीतीनें लोकांदेखत उडविण्यांत आलें. त्या शिक्षेचें क्रौर्य कितीही भयंकर असो, तींत लपवाछपवी नव्हती. कोणीं दिलें, कोणास दिलें, कशाबद्दल दिलें, हें सारें दवंडी पिटून सांगितलें जाई.

वाचकांनीं व्याकरणाच्या एका बारीक गोष्टीकडे लक्ष द्यावें, अशी आमची विनंति आहे. ‘खाद्य’, ‘चारा’, ‘मांस’ हीं नुसतीं नामें आहेत. अमुक लोक तोफेचें खाद्य झाले, असें लिहिलें कीं वाक्य पुरें होतें. जणूं काय गवत आपोआप उगवावें आणि गाईनें तें खावें, तशी ती सृष्टिक्रमांतील गोष्ट होऊन बसते. परंतु ‘त्यांस तोफेच्या तोंडीं दिलें’ असें कोणी म्हणाल्यास ऐकणारा लागलाच विचारतो, ‘कोणीं दिलें?’ देणें या क्रियापदास देणारा लागतोच. परभाषेंतील उसना शब्द टाकून आपला वाक्प्रचार वापरावा, असें आम्ही म्हणतों तें भाषाभिमानानें नव्हे, तर या प्रश्नासाठीं.

आणि हा प्रश्न त्या परकीय शब्दाच्या जन्माबरोबरच जन्मलेला आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस शेक्सपियरनें लिहिलेल्या ‘चौथा हेन्री’ या नाटकाच्या पहिल्या भागांत फाल्स्टाफ नांवाचा एक लठ्ठ, बोलघेवडा सरदार आहे. त्यास राजाच्या हुकुमानें शिपाई भरावयाचे असतात. हा गृहस्थ मातबर शेतकऱ्यांचीं मुलें आणि लग्न ठरलेले तरुण हेरून पकडतो. ते अर्थातच पैसे मोजून सुटतात. अशा रीतीनें १५० शिपायांच्या बदल्यांत ३०० वर पौंड गांठीस बांधून त्यांच्या जागीं तो फाटके, उपाशी, तुरुंगांतून सुटल्यासारखे दिसणारे लोक भरतो. राजपुत्रानें नाक मुरडतांच तो बेधडक सांगतो कीं, दारूच्या भक्ष्यस्थानीं पडण्यास आणि खड्डा भरण्यास असलीं माणसें इतरांइतकींच कामाचीं आहेत. व्यापारी वाचकांस यांतील हिशेब समजावून सांगण्याचें कारण नाहीं. चांगला माल रोखीनें विकला, आणि वजनास वजन म्हणून पोत्यांत भुसा भरला, असा हा व्यवहार आहे. प्रेक्षक हंसतात, पण शब्द कोणाच्या तोंडांतून निघाला हें विसरूं नये. तो मरणाऱ्याच्या तोंडांतून निघालेला नाहीं, पैसे खाणाऱ्याच्या तोंडांतून निघालेला आहे.

पुढें १८१४ सालीं शातोब्रियां या फ्रेंच ग्रंथकारानें नेपोलियनविरुद्ध एक पत्रक काढलें. सक्तीनें भरती केलेल्या तरुणांस ‘कच्चा माल’ व ‘तोफेचें मांस’ म्हणण्यापर्यंत माणसाच्या जिवाविषयीं तुच्छता वाढली, अशी तक्रार त्यानें त्यांत केली आहे. कच्चा माल हा शब्द कारखानदाराचा; तो रणांगणावर गेला तेव्हांच माणसाचा भाव ठरविण्याची रीतही तेथें गेली. अमेरिकेंतील यादवी युद्धांत १८६३ च्या कायद्यानें तो भाव उघडपणेंच ठरविला: ज्यास लष्करांत जावयाचें नसेल त्यानें ३०० डॉलर भरावे, किंवा बदली मनुष्य द्यावा. त्याच सालच्या जुलैंत न्यूयॉर्क शहरांत गरीब लोकांनीं या भरतीविरुद्ध भयंकर दंगे केले. आणि लज्जेची गोष्ट अशी कीं, ज्यांनीं कायदा केला ते सुरक्षित राहून जमावाचा राग निरपराध कृष्णवर्णीयांवर निघाला. देणारा नजरेआड असला म्हणजे राग भलत्याच दारीं जातो.

हीं परक्यांचीं उणीं काढीत असतां आपल्या घराकडेही पाहिलें पाहिजे. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपत झालें, त्याची खबर सांगणारी सावकारी चिठी आपल्याकडे प्रसिद्ध आहे. दोन मोत्यें गळालीं, मोहरा हरवल्या, आणि रुपये व खुर्दा किती गेला त्याचा हिशेब लागत नाहीं, अशा अर्थाचा तो मजकूर. मोत्यें कोणतीं हें मराठी शाळेंतल्या पोरास ठाऊक आहे; मोहरांचींही नांवें इतिहासकारांनीं शोधून काढिलीं. खुर्द्याचें काय? पेढीवर खुर्दा मोजीत नाहींत असें नाहीं. संध्याकाळीं पैन्‌पै जुळल्यावांचून मुनीम उठत नाहीं. पण हा खुर्दा कोणीं मोजला नाहीं. उलट छावणीबरोबर गेलेल्या, न लढणाऱ्या हजारों लोकांस आपण ‘बाजारबुणगे’ म्हणतों, आणि आज तो शब्द शिवी म्हणून वापरतों. त्यांस तेथवर नेलें कोणीं, याचा विचार मात्र त्या शिवींत उरलेला नाहीं.

मोजदादीचा हा भेद इंग्रजी अमलांतही गेला नाहीं. पहिलें महायुद्ध सुरू होतांच, नोव्हेंबर १९१४ मध्यें, सहावी पुणें डिव्हिजन इराणी आखाताच्या वरच्या टोकाशीं उतरली व तिनें बसरा घेतलें. या डिव्हिजनमध्यें मराठा पलटणी होत्या. महाराष्ट्रांतील कित्येक गांवीं ‘या गांवांतून इतके लोक महायुद्धास गेले, पैकीं इतक्यांनीं प्राण दिले’ असा दगड आजही भिंतींत बसविलेला आढळतो, त्यांतील कांहीं लोक या वाटेनें गेलेले. बगदाद घेण्याच्या हांवेनें जनरल टाउनशेंड यांस पुरेशी कुमक, होड्या व औषधपाणी नसतांना तैग्रीस नदीच्या कांठानें पुढें ढकलण्यांत आलें. नोव्हेंबर १९१५ मध्यें तेसिफोन येथें त्यांची गति खुंटली. सैन्य मागें हटून कूत येथें आलें. ७ डिसेंबरास वेढा पडला. वेढा उठविण्यासाठीं धाडलेल्या फौजेचे सुमारें २३,००० लोक मेले व जखमी झाले, आणि तरीही २९ एप्रिल १९१६ रोजीं कूतमधील सुमारें १३,००० लोकांस शरण जावें लागलें. म्हणजे जितके सोडवावयाचे होते त्याहून अधिक लोक सोडविण्याच्या प्रयत्नांत खर्चीं पडले. शरण गेलेल्या सामान्य शिपायांस वाळवंटांतून पायीं चालविण्यांत आलें व त्यांतील हजारों लोक वाटेंत आणि छावण्यांत मेले. टाउनशेंडसाहेब कॉन्स्टॅन्टिनोपलजवळच्या बेटावर बंगल्यांत राहिले, आणि कैदेंत असतांनाच १९१७ सालीं त्यांस ‘सर’ ही पदवी मिळाली.

तथापि या प्रकरणांत एक गोष्ट घडली, ती नमूद करणें न्यायाचें आहे. विलायतेंत ओरड झाली, चौकशीचें कमिशन बसलें, आणि १९१७ सालीं त्याच्या अहवालांत औषधोपचाराच्या दुर्दशेपासून वरिष्ठांच्या निष्काळजीपणापर्यंत सारें बाहेर पडलें. भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांनीं राजीनामा दिला. देणारा कोण, हा प्रश्न एकदां तरी वरच्या पायरीपर्यंत नेऊन विचारला गेला. चेंबरलेन हे त्यांतले सर्वांत मोठे दोषी होते असें आम्हांस वाटत नाहीं. पण जबाबदारीच्या खुर्चींत बसलेला मनुष्य खुर्ची सोडून उठला, हें आजच्या काळीं वाचतांनाही नवलाचेंच वाटतें.

पण जिवंतांच्या हिशेबांत जें थोडें साधलें, तें मेलेल्यांच्या हिशेबांत साधलें नाहीं. मेसोपोटेमियांत पडलेल्या व ज्यांच्या कबरी ठाऊक नाहींत अशा ४०,००० हून अधिक लोकांसाठीं बसऱ्याचें स्मारक उभारण्यांत आलें. त्यावर गोऱ्या शिपायांचीं नांवें कोरलीं. हिंदी अंमलदारांचींही नांवें कोरलीं. हिंदी शिपायांचे मात्र पलटणवार नुसते आंकडे घातले. म्हणजे पुन्हां मोत्यें, मोहरा आणि खुर्दा! एप्रिल २०२१ मध्यें राष्ट्रकुलाच्या युद्धसमाधि आयोगानें आपल्याच जुन्या कारभाराची चौकशी करून कबूल केलें कीं, आशिया व आफ्रिकेंतील निदान १,१६,००० मृत सैनिकांची, कदाचित् याच्या तिप्पट लोकांची, नांवानिशीं किंवा मुळींच नोंद ठेवण्यांत आली नाहीं. आणि ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनीं पार्लमेंटांत क्षमा मागितली. या कबुलीस शंभर वर्षें लागलीं.

आतां एक आक्षेप कोणी घेईल, तो आम्ही आधींच विचारांत घेतों. शिपाई राजीखुषीनें जातो, पगार घेतो. त्यास तोफेच्या तोंडीं दिला असें म्हणणें हा त्याच्या शौर्याचा अपमान नव्हे काय? पुष्कळदां तो अपमान असतोच. महारांची गोष्ट पहा. १८९० नंतरच्या दशकांत इंग्रज सरकारनें त्यांची लष्करभरती बंद केली. तेव्हां गोपाळबाबा वलंगकरांनीं १८९४ सालीं त्याविरुद्ध अर्ज लिहिला, आणि १९१० सालीं शिवराम जानबा कांबळे यांनीं दख्खनच्या महारांच्या वतीनें विलायतेस अर्ज धाडून तीच मागणी केली. या लोकांस मरण म्हणजे काय हें ठाऊक नव्हतें काय? त्यांस पूर्ण ठाऊक होतें. गांवाबाहेर ठेविलेल्या माणसास पलटणींत सारखा गणवेश, सारखा कवायतीचा हुकूम, शाळा आणि पेन्शन मिळे. तो हक्क ते मागत होते. अशा माणसास तोफेचें खाद्य म्हणणारा कितीही दयाळू असला, तरी तो त्याची समजूत कमी लेखतो. पण पुढची हकीकतही ध्यानांत घ्यावी. लढाईची गरज पडली तेव्हां १९१७ सालीं महारांची १११ वी पलटण उभी केली, आणि गरज सरतांच १९२१ सालीं ती मोडून टाकली. पुन्हां दुसरें महायुद्ध आलें, तेव्हां १९४१ सालीं बेळगांवास महार रेजिमेंट उभी राहिली. फसवणूक भरतींत नव्हती. ती करार एकतर्फी मोडण्यांत होती.

यावरून आम्हांस कसोटी सांपडते ती अशी: माणूस गरीब होता कीं नव्हता, जिवंत परतला कीं नाहीं, यावर हा शब्द अवलंबून नाहीं. आपण कशासाठीं सही करीत आहों हें त्यास ठाऊक होतें काय, नाहीं म्हणण्याची वाट त्यास मोकळी होती काय, आणि त्याच्या जिवाचा जाब कोणास तरी द्यावा लागत होता काय, हें पहावें.

या कसोटीस लावून पाहिलें म्हणजे चालू युद्धांतील कित्येक गोष्टी अंगावर शहारे आणतात. २०२२ च्या उन्हाळ्यापासून प्रिगोझिन यानें आपल्या वॅग्नर नांवाच्या भाडोत्री फौजेसाठीं रशियन तुरुंगांतून कैदी भरती केले. सहा महिने लढा आणि माफी घ्या, असा सौदा होता. बाखमुत शहर घेतल्यावर मे २०२३ मध्यें त्यानें स्वतःच सांगितलें कीं, तेथें आपले सुमारें २०,००० लोक पडले व त्यांतील निम्मे कैदी होते. हा आंकडा त्यानें लपविला नाहीं, कारण त्याबद्दल आपणांस कोणी जाब विचारील असें त्यास वाटतच नव्हतें. ऑगस्ट २०२३ मध्यें तो स्वतः विमान कोसळून मेला, आणि हिशेबाची वहीच बंद झाली.

हें दूरचें प्रकरण आमच्या दारापर्यंत येऊन पोंचलें आहे. मार्च २०२४ मध्यें केंद्रीय अन्वेषण विभागानें मुंबईसह सात शहरांत छापे घातले, तेव्हां उघड झालें कीं, मदतनीस, पहारेकरी अशा नोकरीचें किंवा शिक्षणाचें आमिष दाखवून दलाल येथील तरुणांस रशियास धाडीत, आणि तेथें त्यांस गणवेश चढवून लढाईच्या तोंडावर नेण्यांत येई. जुलै २०२४ मध्यें पंतप्रधान मॉस्कोस गेले असतां त्यांनीं हा प्रश्न काढला. जानेवारी २०२५ मध्यें परराष्ट्र खात्यानें सांगितलें कीं, रशियन सेनेंत गेलेल्या १२६ हिंदी लोकांची माहिती मिळाली. ९६ परत आले, १२ मेले, आणि तेथें उरलेल्या १८ पैकीं १६ जणांचा ठावठिकाणा रशियन बाजूस सांगतां येत नाहीं. एवढें झाल्यावर सप्टेंबर २०२५ मध्यें त्याच खात्यास नव्या भरतीच्या बातम्यांवरून पुन्हां इशारा द्यावा लागला. नेपाळनें तर जानेवारी २०२४ मध्येंच रशिया व युक्रेन येथें कामास जाण्याचे परवाने बंद केले होते.

फाल्स्टाफच्या काळीं सधन मनुष्य पैसे भरून सुटत असे. आतां उलटें झालें आहे: कित्येक घरांनीं कर्ज काढून, दागिने मोडून दलालाचे लाख-लाख रुपये भरले, आणि आपला मुलगा आपल्याच पैशानें तेथें पाठविला. बापास ठाऊक असतें कीं, मुलगा गुदामांत कामास लागला. मुलाच्या हातांत परक्या लिपींतला करारनामा असतो. येथें देणारा एक नाहीं, सांखळी आहे: गांवांतला ओळखीचा, शहरांतला कचेरीवाला, परदेशांतला त्याचा हस्तक, आणि शेवटीं तो सेनापति. प्रत्येकजण पुढच्याकडे बोट दाखवितो. १९८३ च्या देशांतर कायद्यानें परदेशीं माणसें धाडणाऱ्या दलालास नोंदणी सक्तीची आहे. परंतु पर्यटक किंवा विद्यार्थी म्हणून निघणारा मनुष्य त्या कायद्याच्या जाळ्यांत येतच नाहीं, आणि दलालांस ही फट पुरती ठाऊक आहे. ती बुजविण्यास नवा कायदा करावा लागला तरी करावा. कारण सध्यां इशारे मिळतात ते जाणाऱ्यास, आणि धाक बसावयास पाहिजे तो धाडणाऱ्यास.

देशांतही असे देणारे आहेत. मैल्याच्या गटारांत संरक्षक साधनांवांचून माणूस उतरविण्यास २०१३ च्या कायद्यानें बंदी आहे. तेथें मेलेल्याच्या कुटुंबास सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं १० लाख आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें ३० लाख रुपये देण्यास सांगितलें. तरी अशा मृत्यूची बातमी येते ती बहुधा ‘गुदमरून मृत्यू’ एवढ्याच शब्दांत. ठेकेदाराचें नांव शेवटच्या ओळींत आलें तर आलें. त्यास कामावर लावणाऱ्या अधिकाऱ्याचें तर तेवढेंही येत नाहीं.

आमच्या व्यवसायबंधूंस सुचवावेंसें वाटतें कीं, रशियांतील तरुणांविषयीं लिहितांना ‘तोफेचें खाद्य झाले’ असें न लिहितां ‘तोफेच्या तोंडीं दिले’ असें लिहावें, आणि त्याच वाक्यांत देणाऱ्याचें नांव ठाऊक असल्यास घालावें. सरकारकडे आमची मागणी अशी आहे कीं, जानेवारी २०२५ मध्यें बेपत्ता म्हणून सांगितलेल्या त्या १६ जणांचें पुढें काय झालें, तें संसदेपुढें एकेकाच्या नांवानें सांगावें. त्यांस कोणत्या दलालानें धाडलें, त्याजवर खटला कोठवर आला, आणि घरच्यांनीं भरलेला पैसा परत मिळाला काय, हेंही त्यासोबत यावें. आणि ज्या व्यापारी वाचकांच्या पेठेंत परदेशच्या नोकऱ्यांची पाटी लावून कोणी नवी कचेरी थाटली असेल, त्यांनीं सहज जातां-येतां आंत डोकावून नोंदणीचा क्रमांक विचारावा.